सर्च जाहिरातीतून किती फोन येतील? पैसे भरण्याआधी करायचा हिशेब

माझ्या मामेभावाचं ठाण्यात वॉटरप्रूफिंगचं काम आहे. टेरेस, बाथरूम, बाहेरच्या भिंतींच्या भेगा, सगळं करतो. एका एप्रिलमध्ये त्याने विचारलं, "ताई, महिन्याला तीस हजार गुगलवर टाकले तर फोन किती येतील?" मी मूळची अकाउंट्सवाली, आकडा मागितला की आकडा द्यायची सवय. कुठल्याशा परदेशी तक्त्यात 'घरदुरुस्ती' या रकान्यापुढे सरासरी दर होता, तो उचलला, गुणाकार केला आणि सांगून मोकळी झाले, "साठेक येतील."

आले अकरा. त्यातले दोघे ताडपत्री मिळेल का विचारत होते आणि एकाला नोकरी हवी होती.

गुणाकार बरोबर होता. त्यात घातलेले आकडे दुसऱ्याच कुणाचे होते. त्यानंतर त्याच्यासाठी आणि ओळखीतल्या तीन-चार छोट्या व्यवसायांसाठी हे काम केलं, तेव्हा हिशेबाची एक पद्धत बसत गेली. पहिल्यांदा जाहिरात लावणाऱ्यांसाठी ती इथे लिहिते आहे. उदाहरणातले शोध, दर आणि रुपये समजण्यापुरते घेतलेले आहेत. ते तुमच्या धंद्याला लावू नका, नाहीतर मी केलं तेच तुम्ही कराल.

सुरुवातीला जवळ काय हवं

- गुगल अ‍ॅड्सचं खातं. जाहिरात सुरू केली नाही तरी चालेल, पण आतलं कीवर्ड प्लॅनर हवं, म्हणजे लोक कोणते शब्द (कीवर्ड) किती वेळा शोधतात ते दाखवणारं साधन.
- वेबसाइट असेल तर सर्च कन्सोलचा, म्हणजे गुगलच्या साध्या निकालांत आपली साइट कशी दिसते ते सांगणाऱ्या सोयीचा, अ‍ॅक्सेस. त्यात मागच्या १६ महिन्यांची माहिती मिळते.
- मागच्या सीझनची कोटेशनं आणि बिलं. किती जणांना कोटेशन दिलं आणि त्यातली किती कामं झाली, एवढं कळलं तरी पुरे.
- एका कामामागे हातात राहणारी रक्कम. माल, मजुरी, गाडीभाडं सगळं वजा करून.
- एक स्प्रेडशीट, आणि फोन उचलणाऱ्याच्या टेबलावर एक साधी वही. वही विसरू नका, शेवटी तीच कामाला येते.

१. कशाला कशाने भागायचं ते आधी ठरवा

दोन दर काढायचे आहेत. जाहिरात दिसलेल्या वेळांपैकी किती वेळा क्लिक झालं, तो क्लिक-थ्रू रेट, म्हणजे सीटीआर. क्लिक करून आलेल्यांपैकी किती जणांनी आपल्याला हवी ती गोष्ट केली, तो कन्व्हर्जन रेट. व्याख्या सोप्या आहेत. 'आपल्याला हवी ती गोष्ट' म्हणजे नक्की काय, हे ठरवताना घोळ होतो.

भावाच्या धंद्यात या ओळीने गोष्टी घडतात: क्लिक, मग फोन किंवा फॉर्म, मग साइट व्हिजिट, मग कोटेशन, मग अ‍ॅडव्हान्स. यातल्या कुठल्याही टप्प्याला कन्व्हर्जन म्हणता येतं आणि प्रत्येकाचा दर निराळा येतो. मी इन्क्वायरीला, म्हणजे फोन किंवा फॉर्मला, कन्व्हर्जन धरते, कारण ती आठवड्यात दिसते. इन्क्वायरीतून काम किती झालं, याचा हिशेब वेगळ्या रकान्यात ठेवते. कुणी "आमचा कन्व्हर्जन रेट दहा टक्के" म्हणालं की पहिला प्रश्न विचारा, दहा टक्के कशाचे?

२. मोजणी खरी आहे का ते स्वतः फोन लावून बघा

हे पाऊल सगळे टाळतात. मीही टाळलं होतं. एका खात्यात मला २२ टक्के कन्व्हर्जन रेट दिसत होता आणि मी दोन दिवस खुशीत होते. नंतर लक्षात आलं, संपर्काचं पान नुसतं उघडलं तरी कन्व्हर्जन मोजलं जाईल, अशी सेटिंग मीच करून ठेवली होती.

तपासायच्या गोष्टी अशा. फॉर्म भरल्यानंतर येणाऱ्या 'धन्यवाद' पानावरच मोजणी होते ना? तेच पान रिफ्रेश केलं तर आकडा दोनाचा होतो का? इन्क्वायरीच्या धंद्यात मोजणीचा पर्याय 'एक' ठेवा. 'प्रत्येक' हा पर्याय दुकानदारीसाठी आहे, तिथे एकाच माणसाने दोनदा खरेदी केली तर दोन्ही मोजायच्या असतात. जाहिरातीवरून आलेला फोन किती सेकंदांनंतर कन्व्हर्जन धरायचा, हेही तिथेच ठरतं. मूळ सेटिंग ६० सेकंदांची असते. आमच्याकडे "साहेब साइटवर आहेत, नंतर करा" एवढ्यात वीस सेकंदांत फोन संपायचे. ते गिऱ्हाईक खरं होतं, पण मोजलं जात नव्हतं.

आणखी एक. आपली जाहिरात दिसते का हे बघायला गुगलवर सारखा शोध घेऊ नका. बघितली आणि क्लिक केलं नाही, तर आपलाच सीटीआर खाली जातो. क्लिक केलं तर आपलेच पैसे जातात. खात्यात अ‍ॅड प्रिव्ह्यूची सोय आहे, ती वापरा.

३. शब्दांचे गट माणसाच्या मनात काय आहे त्यावरून पाडा

सगळ्या कीवर्डना मिळून एकच दर लावला की अंदाज तिथेच फसतो. वॉटरप्रूफिंगमध्ये मला निदान चार प्रकारची माणसं दिसली.

'टेरेस वॉटरप्रूफिंग कॉन्ट्रॅक्टर ठाणे' शोधणाऱ्याला माणूस हवा असतो. 'छत गळती उपाय' शोधणाऱ्याला, निदान आज तरी, स्वतःच काहीतरी करून बघायचं असतं. तो क्लिक भरपूर करतो, वाचतो आणि जातो. 'डॉ. फिक्सिट किंमत' शोधणारा डबा विकत घ्यायला निघालेला असतो. चौथा प्रकार आपल्या फर्मचंच नाव टाकून येतो, कारण सोसायटीच्या सेक्रेटरीने त्याला नाव सांगितलेलं असतं. या चौथ्याचा सीटीआर आणि कन्व्हर्जन दोन्ही चढे असतात. पण तो जाहिरातीशिवायही आला असता.

म्हणून चारही गटांचे अंदाज वेगळे मांडा, आणि सरासरी काढताना टक्क्यांची सरासरी काढू नका. समजा फर्मच्या नावाची जाहिरात १०० वेळा दिसली आणि ३० क्लिक मिळाले, म्हणजे ३० टक्के. 'टेरेस वॉटरप्रूफिंग'ची १,९०० वेळा दिसली आणि ७६ क्लिक मिळाले, म्हणजे ४ टक्के. दोन टक्क्यांची सरासरी १७ येते. खरा सीटीआर मात्र २,००० वेळांत १०६ क्लिक, म्हणजे ५.३ टक्के. मी पाहिलेल्या निम्म्या चकचकीत रिपोर्टांत ही चूक होती.

भाषेचंही बघा. आपली माणसं मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, 'लिकेज' तीन तऱ्हांनी लिहितात आणि अर्धं वाक्य इंग्रजीत टाकतात. देवनागरीत शोध कमी दिसले म्हणून मराठी गिऱ्हाईक नाही असं समजू नका.

नको असलेल्या शब्दांची यादीही याच पायरीवर करा: नोकरी, कोर्स, ताडपत्री, मोबाइल कव्हर, रेनकोट. माझ्या पहिल्या महिन्यात ही यादी रिकामी होती आणि मॅच टाइप, म्हणजे लोकांचा शोध आपल्या शब्दाशी किती जुळायला हवा ती सेटिंग, 'ब्रॉड' म्हणजे सैल होता. चूक माझी. 'एक्झॅक्ट' आणि 'फ्रेज' या घट्ट प्रकारांपासून सुरुवात केली असती तर ताडपत्रीवाले आले नसते.

४. शोध किती होतात, आणि त्यातल्या कितींत आपण दिसू

कीवर्ड प्लॅनरमध्ये आधी ठिकाण निवडा. अख्खा भारत ठेवून आकडे बघू नका. कमी खर्चाच्या खात्याला तिथे नेमक्या आकड्याऐवजी '१०० ते १ हजार', '१ हजार ते १० हजार' असे रुंद पट्टे दिसतात. हे बघून नवखे वैतागतात. अशा वेळी शब्द फोरकास्टच्या भागात टाका. तिथे बोली (एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायचे) आणि बजेट धरून अंदाजे इम्प्रेशन (जाहिरात किती वेळा दिसेल), क्लिक आणि खर्च मिळतो. जवळपास सारख्या शब्दांपुढे हुबेहूब तोच आकडा दिसला तर बेरीज करू नका. प्लॅनर स्पेलिंगचे आणि एकवचन-अनेकवचनाचे प्रकार एकत्र मोजतो.

होणाऱ्या प्रत्येक शोधात आपण दिसणार नाही. बजेट संपतं, बोली कमी पडते किंवा जाहिरातीचा दर्जा कमी ठरतो. जिथे दिसू शकलो असतो त्यातल्या किती वेळा दिसलो, याला सर्च इम्प्रेशन शेअर म्हणतात. खात्यात तो रकाना जोडता येतो, आणि बजेटमुळे किती गमावलं, रँकमुळे (बोली आणि दर्जामुळे) किती गमावलं, हेही वेगवेगळं कळतं. जाहिरात अजून चालवलीच नसेल तर मी निम्मा धरते. याला शास्त्र काही नाही, फक्त शंभर टक्के धरण्यापेक्षा बरं.

समजा आपल्या 'माणूस हवा' गटाचे ठाण्यात महिन्याला ४,००० शोध आहेत. निम्म्यात दिसलो, म्हणजे २,००० इम्प्रेशन. हा आकडा लिहून ठेवा. माझ्या पहिल्या अंदाजात हीच पायरी नव्हती. मी तीस हजारांना एका क्लिकच्या किमतीने भागलं आणि क्लिक काढले, जणू बाजारात क्लिकचा ढीग लागला आहे आणि पैसे टाकले की उचलायचे. खऱ्या कामाचे शोध एवढे नव्हतेच. उरलेले पैसे 'ब्रॉड'ने भलत्या शब्दांवर खर्च केले.

इथले दोन छुपे सापळे. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये मूळ पर्याय 'तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले' असा असतो. तसा राहू दिला तर नागपूरला बसून ठाण्याबद्दल काही शोधणाऱ्यालाही जाहिरात दिसू शकते. आपल्याला फक्त 'तिथे असलेले' हवेत. दुसरं, सर्च कॅम्पेन बनवताना सर्च पार्टनर (इतर साइटवरचे शोध) आणि डिस्प्ले नेटवर्क (इतर साइट आणि अ‍ॅपवरच्या जाहिराती) यांच्या खुणा आधीच केलेल्या असतात, त्या काढा. त्या तशाच राहिल्या तर इम्प्रेशन फुगतात, सीटीआर पडतो आणि पडला का तेही कळत नाही.

५. सीटीआर

सीटीआरवर सगळ्यात जास्त परिणाम होतो तो जाहिरात पानावर कुठे दिसते याचा. गुगलने २०१६ च्या फेब्रुवारीत डेस्कटॉपवर उजव्या बाजूच्या जाहिराती बंद केल्या. आता त्या साधारणपणे निकालांच्या वर किंवा तळाशी असतात आणि वर जास्तीत जास्त चार. तळाशी दिसलेली जाहिरातही इम्प्रेशन म्हणून मोजली जाते, पण तिथवर मोबाइलवर सरकवत जाणारा विरळाच. त्यामुळे 'इम्प्रेशन टॉप' आणि 'अ‍ॅब्सोल्यूट टॉप' हे टक्क्यांचे रकाने (किती वेळा वर दिसलो आणि किती वेळा अगदी पहिले) बघितल्याशिवाय सीटीआरवर मत देऊ नका. जुन्या लेखांत 'सरासरी पोझिशन'नुसार सीटीआरचे तक्ते सापडतील. तो रकाना गुगलने २०१९ च्या सप्टेंबरअखेर बंद केला, तेव्हा त्या तक्त्यांना जुळवायला आज खात्यात काही नाही.

क्वालिटी स्कोअरमध्ये, म्हणजे गुगल आपल्या शब्दाला देतं त्या गुणांत, 'अपेक्षित सीटीआर' असा एक भाग असतो. तिथे टक्के मिळत नाहीत, फक्त सरासरीपेक्षा वर, सरासरी किंवा खाली एवढाच शेरा मिळतो. अंदाज वर सरकवायचा की खाली, हे ठरवायला तो पुरतो.

मी सुरुवातीला फोरकास्टमधला सीटीआर मधला धरते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एक-तृतीयांश सोडते. सहा टक्के असेल तर चार ते आठ. सर्च कन्सोलमधला सीटीआर इथे उचलू नका. तो जाहिरातीचा नसतो, पानावरची जागाही वेगळी असते.

सीटीआर वाढवण्याच्या नादी मात्र लागू नका. आमची एक जाहिरात म्हणत होती, 'मोफत पाहणी, आजच फोन करा'. दुसरीत लिहिलं होतं, 'किमान काम ₹१५,०००, पाच वर्षांची लेखी गॅरंटी'. समजा पहिलीचा सीटीआर ८ टक्के आणि कन्व्हर्जन २ टक्के, दुसरीचा सीटीआर ५ आणि कन्व्हर्जन ४. हजार वेळा दिसल्यावर पहिलीचे ८० क्लिक आणि दीड-पावणेदोन इन्क्वायऱ्या होतात. दुसरीचे ५० क्लिक आणि दोन इन्क्वायऱ्या. क्लिकला ४० रुपये धरले तर पहिलीची इन्क्वायरी २,००० ला पडते आणि दुसरीची १,००० ला. दर घसरला आणि धंदा वाढला. फार घसरू देऊ नका एवढंच, कारण कमी सीटीआरमुळे जाहिरातीचा क्रम खाली जातो आणि तोच क्लिक महाग पडू लागतो.

६. कन्व्हर्जन रेट: उसना आकडा घ्या, पण त्याला वजन कमी द्या

इथे थोडं थांबून वाचा, कारण पैसे इथेच बुडतात.

नवीन खात्यात आपल्याकडे शून्य माहिती असते. काहीतरी धरावं लागतंच. कुठून धरायचं? माझा पसंतीचा क्रम असा: स्वतःची मागच्या सीझनची जाहिरात, मग स्वतःच्या वेबसाइटवर गुगलच्या साध्या निकालांतून आलेल्यांपैकी किती जणांनी चौकशी केली, मग त्याच धंद्यातल्या दुसऱ्या शहरातल्या ओळखीच्याचा आकडा आणि सगळ्यात शेवटी छापील सरासरी. वरून खाली येताना भरवसा कमी होत जातो.

हा भरवसा क्लिकमध्ये मोजा. म्हणजे असं म्हणा, 'मी ४ टक्के धरते, आणि हा अंदाज मला ५० क्लिक बघितल्याइतका भरवशाचा वाटतो.' ५० क्लिकचे ४ टक्के म्हणजे २ इन्क्वायऱ्या. हे ५० आणि २ आपल्या शीटमध्ये पहिल्या ओळीत, मानलेले म्हणून लिहा. मग खरे क्लिक आणि खऱ्या इन्क्वायऱ्या त्यात मिळवत जा.

समजा पहिल्या ६० क्लिकमध्ये एकच इन्क्वायरी आली. नुसता भागाकार केला तर १.७ टक्के येतो आणि पोटात गोळा येतो. मानलेले धरून ११० क्लिकमध्ये ३, म्हणजे २.७ टक्के. अंदाज खाली आला, पण कोसळला नाही. पुढे २०० खरे क्लिक आणि ५ इन्क्वायऱ्या झाल्या की २५० मध्ये ७, म्हणजे २.८. हळूहळू आपले आकडे उसन्या आकड्याला बाजूला सारतात. स्वतःचा मागचा सीझन असेल तर १०० किंवा जास्त क्लिकचं वजन द्या. छापील सरासरी असेल तर २० च्या वर जाऊ नका.

शून्याचं काय करायचं? भावाने एकदा ४० क्लिकनंतर जाहिरात बंद केली होती. "एक फोन नाही आला गं." खरा दर ४ टक्के असला तरी ४० क्लिकमध्ये एकही फोन न येण्याची शक्यता जवळजवळ पाचात एक असते. म्हणजे त्या ४० क्लिकांवरून काहीच सिद्ध झालं नव्हतं. संख्याशास्त्रात यासाठी सोपा नियम आहे. शून्य आलं तर ३ ला क्लिकने भागा. ४० क्लिकसाठी उत्तर ७.५ टक्के, म्हणजे खरा दर साडेसात टक्क्यांच्या खाली कुठेही असू शकतो. ७५ क्लिक होऊनही शून्यच असेल, तर ४ टक्क्यांची आशा सोडायची आणि आधी मोजणी, मग लँडिंग पेज (क्लिकनंतर उघडणारं पान) तपासायचं. याच क्रमाने. पेज बदलायला धावणाऱ्या दोघांच्या बाबतीत शेवटी फोन नंबरच्या लिंकमध्ये एक अंक चुकीचा निघाला.

इन्क्वायऱ्या यायला लागल्यावरही आकडा लवचीकच असतो. १२० क्लिकमधून ५ इन्क्वायऱ्या म्हणजे वरवर ४.२ टक्के. काटेकोर सूत्र लावलं तर खरा दर १.८ ते ९.४ टक्क्यांत कुठेही असू शकतो. दहा-बाराच्या वर इन्क्वायऱ्या गेल्या की एक ढोबळ रीत चालते: इन्क्वायऱ्यांचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा आणि तेवढं वर-खाली धरा. २५ आल्या तर १५ ते ३५. १०० आल्या तर ८० ते १२०. 'ही जाहिरात त्या जाहिरातीपेक्षा चांगली' असं चार विरुद्ध सहा इन्क्वायऱ्यांवरून कुणी सांगत असेल तर चहा पाजून पाठवा.

७. आता साखळी जोडा, तीन रकान्यांत

कमी, मधला आणि जास्त असे तीन रकाने करा. क्लिक ४० रुपयांना धरू.

- इम्प्रेशन: तिन्हींत २,०००
- सीटीआर: ४, ६, ८ टक्के
- क्लिक: ८०, १२०, १६०
- कन्व्हर्जन रेट: २, ४, ६ टक्के
- इन्क्वायऱ्या: साधारण १.६, ४.८, ९.६
- खर्च: ₹३,२००, ₹४,८००, ₹६,४००
- १८ टक्के जीएसटी धरून: ₹३,७७६, ₹५,६६४, ₹७,५५२
- एका इन्क्वायरीला: ₹२,३६०, ₹१,१८०, साधारण ₹७८७

जीएसटीची ओळ मुद्दाम घातली आहे. आगाऊ पैसे भरायच्या खात्यात तुम्ही भरलेल्या रकमेतूनच कर वजा होतो. तीस हजार भरले की जाहिरातीसाठी उरतात सुमारे २५,४२४. तुमची नेहमीची जीएसटी नोंदणी असेल आणि खात्यात नंबर नीट टाकला असेल, तर त्याचं क्रेडिट घेता येतं. कंपोझिशन स्कीममध्ये ते मिळत नाही, मग तो खर्चच धरा.

पुढची ओळ कोटेशनांच्या फाइलमधून येते. भावाच्या जुन्या कागदांवरून पाच इन्क्वायऱ्यांमागे एक काम, असं धरलं. मधल्या रकान्यात एका कामाला ५,९०० रुपये जाहिरात पडते, खालच्यात, म्हणजे 'कमी'च्या रकान्यात, ११,८००. एका कामामागे हातात १८,००० राहत असतील तर खालच्या रकान्यातही परवडतं. मी तरी पहिल्यांदा खालचाच रकाना बघते. तिथे परवडत असेल तर चाचणी करा. फक्त सगळ्यात उजवीकडच्या रकान्यात परवडत असेल तर पैसे खिशात ठेवा.

या साखळीने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती कन्व्हर्जनपेक्षा महत्त्वाची निघाली. या शब्दांवर ठाण्यात महिन्याला सात-आठ हजारांपेक्षा जास्त खर्च होऊच शकत नव्हता. तीस हजारांचा प्रश्नच चुकीचा होता.

८. चाचणी चालवा आणि हात मागे ठेवा

दिवसाचं बजेट ठरवताना महिन्याचं बजेट ३०.४ ने भागा, गुगलचा हिशेब तसाच चालतो. एखाद्या दिवशी ठरवलेल्याच्या दुप्पट खर्च झालेला दिसेल, तेव्हा घाबरू नका. महिन्याची मर्यादा पाळली जाते.

चाचणी दिवसांत नाही, क्लिकमध्ये ठरवा. '१५० क्लिक होईपर्यंत काही बदलणार नाही' असं लिहून भिंतीला लावा. रोज शब्द, बोली, मजकूर बदलत राहिलात तर शेवटी हातात पाच अर्धवट चाचण्या उरतात. अपवाद फक्त सर्च टर्म्सच्या रिपोर्टचा, म्हणजे लोकांनी खरोखर काय टाइप केलं त्या यादीचा. तो दोन दिवसांनी बघून भलते शब्द बंद करत जा. तिथे सगळे शोध दिसत नाहीत, फार थोड्यांनी केलेले शोध गुगल लपवतं, पण दिसतात तेवढे पुरतात.

आणि मागच्या आठवड्याचा कन्व्हर्जन रेट बघून रडू नका. गुगल कन्व्हर्जन मोजतं ते क्लिकच्या तारखेला. सोमवारी क्लिक करून शुक्रवारी फॉर्म भरला तर तो सोमवारच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे ताजे दिवस नेहमी कोरडे दिसतात आणि नंतर भरतात. क्लिकनंतर किती दिवसांपर्यंतचं कन्व्हर्जन मोजायचं, त्याची मूळ मुदत ३० दिवसांची असते, ती ९० पर्यंत वाढवता येते. सोसायटीच्या कामांना मीटिंग, तीन कोटेशनं, पुन्हा मीटिंग असं सगळं लागतं, म्हणून आम्ही ९० ठेवली आहे.

९. वही

प्रत्येक इन्क्वायरीपुढे पाच गोष्टी लिहायच्या: तारीख, कुठून आली, काय हवं होतं, साइट बघितली का, काम मिळालं का. फोन घेणारी व्यक्ती हे लिहीत नसेल तर वरचा सगळा हिशेब अर्धा आंधळा आहे.

वहीमुळेच आम्हाला जूनचं कोडं सुटलं. पहिला पाऊस पडला की शोध एकदम वाढतात, सीटीआर चढतो, फोन वाजत राहतात आणि स्क्रीनवर सगळं हिरवंगार दिसतं. वहीत मात्र शेवटचा रकाना रिकामा. कारण साधं होतं. छत ओलं असताना त्यावर कोटिंग धरत नाही, म्हणून भाऊच बाहेरची कामं घेत नव्हता. एप्रिल-मे मध्ये पाच इन्क्वायऱ्यांमागे एक काम होत होतं, जून-जुलैमध्ये त्याच्या जवळपासही नाही. आता शीटमध्ये जूनची ओळ वेगळी असते आणि त्या महिन्यात टेरेसच्या शब्दांची बोली कमी करून बाथरूमच्या गळतीवर पैसे लावतो, ते काम आतून होतं.

भावाने वहीत स्वतःहून एक सहावा रकाना आखला, 'ऑक्टोबरात फोन'. पावसाळ्यात नाही म्हणावं लागलेल्या सोसायट्यांना तो तेव्हा फोन लावतो आणि दरवर्षी त्यातून दोन-तीन कामं होतात. गुगलच्या ९० दिवसांत ती बसत नाहीत, त्यामुळे खात्यात दिसत नाहीत. मी ती जूनच्या क्लिकपुढे लिहिते. त्याचं म्हणणं, ती त्याच्या फोनमुळे मिळाली, जाहिरातीमुळे नाही. सध्या अर्धी-अर्धी लिहितो.